घरी भरलेले काडतूस

वाचकहो, हिवाळा लागला की आपल्या बेटावर हरणांच्या शिकारीचे दिवस येतात. १६३९ साली डचांनी जावाहून आणलेल्या हरणांची ही संतती. परवा आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. त्याच्याकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. तो म्हणाला, "गुरुजी, विकतची काडतुसे महाग पडतात. घरीच भरून पाहावीत म्हणतो. थोडे प्रयोग करीन. दारू कमीजास्त, छर्रे वेगळे."

'प्रयोग' हा शब्द ऐकून आम्हांला आजोबांचा डावा हात आठवला. त्या हाताला तीनच बोटे होती.

आजोबा तरुणपणी ब्लॅक रिव्हरकडे शिकारीत हाकाऱ्याचे काम करीत. पुढे त्यांनी जुनी एकनळी बंदूक घेतली. पितळी पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते, म्हणून ते स्वयंपाकघरातल्या मेजावर काडतुसे भरीत. पुंगळीच्या बुडाशी नवी टोपी, वर दारू, मग डाट, त्यावर छर्रे, आणि शेवटी पुठ्ठ्याची चकती. दारू मोजायला एक पितळी माप होते. कैक वर्षे काही बिघडले नाही. एकदा काळी दारू संपली, म्हणून कोणीतरी दिलेल्या डब्यातली बिनधुराची दारू त्यांनी त्याच मापाने भरली. पहिल्याच बाराला नळी फुटली. नळीखाली धरलेल्या हाताची दोन बोटे गेली. आजोबा पुढे एवढेच म्हणत, "माप तेच होते, डबा दुसरा होता."

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी सैन्याच्या रायफलींसाठी बिनधुराची दारू तयार केली, आणि पुढे हा प्रकार सर्वत्र पसरला. वजनाला वजन तिची शक्ती काळ्या दारूहून पुष्कळ जास्त असते, आणि दाब वाढेल तशी ती अधिकच वेगाने जळते. काडतुसांच्या खोक्यावर आजही 'ड्रॅम' लिहिलेले आढळते. तो आकडा आत भरलेल्या दारूच्या वजनाचा नव्हे. काळ्या दारूच्या तितक्या ड्रॅमने छर्ऱ्यांना जो वेग मिळत असे, तेवढा वेग मिळेल असा त्याचा अर्थ. हे न कळल्यास घात होतो. तीच गोष्ट ग्रेन आणि ग्रॅम यांची. एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४ ग्रेन असतात. एका अक्षराची चूक पंधरापट होते.

वर्गात आम्ही मुलांना सांगतो की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम मोजावा. काडतुसात मोजायचा असतो तो दाब. अमेरिकेच्या प्रमाणानुसार बारा बोअरच्या पावणेतीन इंची काडतुसाची मर्यादा दर चौरस इंचाला ११,५०० पौंड आहे. मोटारीच्या चाकात ३० पौंड हवा असते असे धरले, तर ही सुमारे ३८० पट झाली. दारू आणि छर्रे तेच ठेवून नुसता डाट किंवा टोपी बदलली तरी दाब बदलतो. तो मोजण्याचे यंत्र कारखान्यात असते, आपल्या स्वयंपाकघरात नसते. बार नीट उडाला म्हणजे तो मर्यादेच्या किती जवळ होता हे मुळीच कळत नाही. दहा बार नीट उडाले तरी अकराव्याची हमी नाही.

म्हणून दारू बनवणाऱ्यांचे छापील तक्ते असतात. पुंगळी, टोपी, दारू, डाट, छर्रे, सारे तक्त्यात दिले असेल तेच आणि तेवढेच घ्यायचे. जगात पुष्कळजण असे काटेकोरपणे काडतुसे भरतात आणि त्यांना इजा होत नाही. पण ते तक्ता पाळतात. त्याला प्रयोग म्हणत नाहीत.

आम्ही विद्यार्थ्याला म्हटले, "आधी परवान्यात हे बसते का ते पोलिसांना विचार. बसत असेल तर जाणत्या माणसाजवळ बसून शीक. मेजावर दारूचा एकच डबा ठेव, आणि डब्यावरची चिठ्ठी गेली असेल तर ती दारू वापरू नकोस. हे जमणार नसेल तर काडतुसे विकतच घे."

आजोबांचे पितळी माप अजून आमच्या कपाटात आहे. ते आम्ही त्याला दाखवले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "गुरुजी, यावर आकडा कुठे आहे?"

आकडा नव्हताच. वाचकहो, ज्या मापावर आकडा नाही, त्यावर आपला हात पणाला लावू नये.