शल्यविद्येची तालीम (भाग ५) : शवाच्या धमनीत पुन्हा दाब

फॉर्मलिनमधल्या शवावर शरीररचना कशी शिकवतात, हे मागच्या भागात पाहिलं. रक्तवाहिन्यांच्या सर्जनला मात्र ते शव अर्धवटच उपयोगी पडतं. त्याच्या धमन्या रिकाम्या, आत गुठळ्या, भिंती ताठर. कात्री चुकीच्या जागी लागली तरी काहीच घडत नाही. जिवंत माणसात त्याच चुकीने जखम क्षणात रक्ताने भरते आणि फाटलेली जागाच दिसेनाशी होते.

रुग्णाआधी दुसऱ्या कशावर तरी हात बसवावा, हा विचार जुना आहे. सुश्रुतसंहितेत शिरावेधाच्या सरावासाठी मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ सांगितले आहेत. पण आज ही गरज वाढली, त्याला वेगळं कारण आहे. १९९० मध्ये ब्युनॉस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी फुगलेल्या महाधमनीत जांघेतून कृत्रिम नळी बसवली. पोट न उघडता काम होऊ लागलं. रुग्णांचं भलं झालं. मात्र पोट उघडून महाधमनी शिवण्याच्या शस्त्रक्रिया कमी झाल्या, आणि शिकाऊ सर्जनांच्या वाट्याला येणारा अनुभवही आटला. उरल्या त्या बहुतेक अवघड केसेस.

उपाय दोन टप्प्यांत आला. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर थील यांनी १९९२ मध्ये शव टिकवण्याची अशी पद्धत प्रसिद्ध केली की ऊतींचा मऊपणा आणि रंग बऱ्याच अंशी टिकतो, सांधेही वळतात. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सामधून न्यूरोसर्जन इमाद अबूद आणि सहकाऱ्यांनी शवात दाब परत आणला. मानेतल्या धमन्या आणि शिरांमध्ये नळ्या घालायच्या, आतल्या गुठळ्या पाण्याने धुऊन काढायच्या, धमन्यांत लाल द्रव पंपाने ठोके देत सोडायचा आणि शिरांत निळा द्रव कमी दाबाने. मग धमनी बोटाखाली उडते, चिरली की वाहते.

आता सराव खरा होतो. मेंदूतल्या धमनीच्या फुग्याला क्लिप लावताना तो फुटला, तर आधी सक्शनने जागा मोकळी करायची, फुग्याच्या मागे, म्हणजे रक्त जिथून येतं तिकडे, मूळ धमनीवर तात्पुरती क्लिप लावायची आणि मगच फुग्याकडे वळायचं. हा क्रम पुस्तकात दोन ओळींत मावतो. रक्त वाहत असताना तो आठवणं ही वेगळी विद्या. धमनीचा शिवलेला जोड नीट बसला की नाही, हेसुद्धा आत दाबाने द्रव सोडल्यावरच कळतं : टाक्यांमधून द्रव झिरपला तर पुन्हा शिवा.

मर्यादाही आहेत. हा द्रव गोठत नाही, त्यामुळे रक्त आपोआप थांबण्याचा भाग शिकता येत नाही. भूल, घसरणारा रक्तदाब, धमनीचं आकुंचन, यांतलं काहीच शवात नाही. द्रव ऊतींत झिरपून सूज येते, म्हणून एका शवावरचं काम काही तासांतच उरकावं लागतं.

आणि शव मिळायला हवं. महाराष्ट्रात त्यासाठी १९४९ चा शरीररचनाशास्त्र कायदा आहे. पण कायद्यापेक्षा मोठा आधार देहदान करणाऱ्यांचा. त्यांचा देह केवळ विच्छेदनाच्या टेबलापुरता नसतो. त्यावर पुढच्या सर्जनचा रक्तस्राव थांबवणारा हातही घडू शकतो, हे देहदानाचा अर्ज भरणाऱ्या कुटुंबांना सांगायला हवं.

पुढील भागात : शवाविना सराव, म्हणजे संगणकी सिम्युलेटर.