नावे कितीही असोत, फंक्शन एकच

वाराणसीत संकठा घाटाच्या पायऱ्या चढून गेले की संकठा देवीचे मंदिर लागते. शेजारी सिंदिया घाट, दुसऱ्या अंगाला गंगा महाल आणि त्यापुढे नागपूरकरांचा भोसले घाट. समजा, इथे पूजेला येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी संकल्पाची पावती छापणारे वेबपान लिहायचे आहे. गोत्र एकच, नावे मात्र घरात असतील तेवढी. फंक्शनला किती आर्ग्युमेंट येतील, हे आधी ठरवताच येत नाही.

जुनी रीत

नाव१, नाव२, नाव३ असे रकाने पाडले की चौथ्या नावाला अडतेच. पीएचपी ४ मध्ये यासाठी ‘फंक-गेट-आर्ग्ज’ आले, तर जावास्क्रिप्टकडे ‘आर्ग्युमेंट्स’ होते. काम भागायचे, पण कंसात काहीच लिहिलेले नसल्याने फंक्शन काय मागते ते कळायला त्याचा सगळा कोड वाचावा लागे. शिवाय जावास्क्रिप्टमधले ‘आर्ग्युमेंट्स’ अ‍ॅरेसारखे दिसते, पण अ‍ॅरे नसते. त्यावर ‘मॅप’ किंवा ‘जॉइन’ थेट चालत नाही.

तीन टिंबे

ऑगस्ट २०१४ मध्ये पीएचपी ५.६ ने आणि २०१५ च्या प्रमाणकात जावास्क्रिप्टने हा प्रश्न सोडवला:

संकल्प(गोत्र, ...नावे)

पीएचपीत व्हेरिएबलआधी डॉलरचे चिन्ह येते, एवढाच फरक. आता

संकल्प('काश्यप', 'सुधा', 'माधव', 'ईशान')

असे बोलावले की पहिले मूल्य गोत्रात जाते आणि उरलेली तिन्ही ‘नावे’ या खऱ्याखुऱ्या अ‍ॅरेत. टिंबांचा पॅरामीटर शेवटीच हवा.

एकही नाव दिले नाही, तर रिकामा अ‍ॅरे मिळतो, तक्रार होत नाही. बिननावाची पावती छापली जाणे मला मुळीच मान्य नाही. म्हणून किमान एक जागा पक्की ठेवावी:

संकल्प(गोत्र, यजमान, ...इतर)

यजमान राहिला तर पीएचपी ७.१ पासून एरर येते. जावास्क्रिप्ट मात्र गप्प राहते. तिथे तपासणी स्वतः लिहावी लागते.

यादी आधीच हाती असेल तर

बोलावताना हीच टिंबे उलटे काम करतात: संकल्प('काश्यप', ...यादी) म्हटले की अ‍ॅरे सुटा होतो. पण नावे कायम फॉर्ममधूनच येणार असतील, तर फंक्शनला सरळ अ‍ॅरेच द्यावा. आधी सोडायचा आणि मग पुन्हा बांधायचा, हा खटाटोप कशाला? ‘फंक-गेट-आर्ग्ज’ पीएचपी ८ मध्येही चालते, तरी जुन्या कोडमध्ये सापडले तर तिथे टिंबे लिहा. पुढे तो कोड वाचणाऱ्याचे श्रम वाचतील.