ब्रेक का किंचाळतो?

येरवड्यात गुंजन चौकाच्या आसपास संध्याकाळी गाडी चालवली, की ब्रेक किती वेळा दाबला याची गणतीच राहत नाही. सिग्नल, पीएमपीची बस, मध्येच घुसणारी रिक्षा! ब्रेक पॅड झिजणारच. माझेही झिजले. एका गॅरेजात नवे बसवून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून ब्रेक दाबला की 'चुईंऽऽ'! तक्रार केली, तर उत्तर मिळालं, ''मॅडम, नवे आहेत, आवाज येणारच. साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो.''

मी साहेबांना न पाठवता येरवड्यातल्याच एका जुन्या मेस्त्रींकडे गेले. ''काका, मला दाखवून काम करा,'' म्हटलं. त्यांनी चाक उतरवलं आणि पहिल्याच नजरेत म्हणाले, ''ताई, शिम कुठायत?''

शिम म्हणजे पॅडच्या पाठीला लागणारा पातळ पत्रा. काहींवर रबराचा थरही असतो. सायकलच्या रिमला रबर दोन्हीकडून चिमटतं ना, तसेच गाडीचे पॅड फिरणाऱ्या डिस्कला चिमटतात. घासताना पॅड क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. फळ्यावर खडू किंचाळतो तो असाच. ही थरथर कॅलिपरपर्यंत पोचू न देणं हे शिमचं काम. काही पॅडना शिम कंपनीतूनच चिकटवलेली येते. तिथे वर आणखी एक घालायची नाही.

आता ग्रीस. ते भाजीतल्या हिंगासारखं, चिमूटभर आणि योग्य जागीच. पॅडची पाठ जिथे कॅलिपरला टेकते तिथे, पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथे आणि कॅलिपरच्या सरकत्या पिनांवर. पिना अडकल्या तर एक पॅड जास्त झिजतो, गाडी एका बाजूला ओढते. पण नेहमीचं ग्रीस इथे चालत नाही. ब्रेकच्या उष्णतेने ते वितळतं आणि त्यातल्या खनिज तेलाने पिनांवरची रबरी टोपणं फुगतात. उष्णता सोसणारं, ब्रेकसाठीचंच ग्रीस लागतं. पिनांना सहसा सिलिकॉनचं.

आणि मैत्रिणींनो, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. आवाज बंद होईल, पण ब्रेकही लागणार नाही! असा माखलेला पॅड पुसून वापरायचा नाही, फेकायचाच.

ब्रेकचं आणि बायकांचं नातं तसं जुनंच. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याने बनवलेल्या मोटारीतून मॅनहाइमहून फोर्त्झहाइमला गेली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने वाटेत चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या अस्तराची ही सुरुवात मानली जाते.

पाना हातात घ्या असं मी म्हणत नाही. फक्त विचारा: शिम लावल्या का? पिना साफ केल्या का? ग्रीस कुठलं? एकाच चाकाचे पॅड बदलून भागवू देऊ नका. पुढचे बदलायचे तर दोन्ही चाकांचे. गाडी ताब्यात घेताना, जागेवरच उभी असताना पेडल घट्ट होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा. पहिले काही दिवस शक्यतो करकचून ब्रेक मारू नका.

प्रत्येक आवाज दोषाचा नसतो. पावसाळ्यात सकाळी डिस्कवर गंज धरतो, तो दोन-चार ब्रेकांत निघून जातो. पण जुन्या पॅडची सततची शिट्टी ही बहुधा झिजल्याची सूचना असते. अनेक पॅडना त्यासाठीच पत्र्याची जीभ ठेवलेली असते. त्यावर ग्रीस हा उपाय नव्हे. आणि 'खर्रर्र' असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर उद्यावर ढकलू नका. गाडी तिथेच थांबवा आणि मेकॅनिकला बोलवा.