मोडीत जाणारे संगणक

जुन्या संगणकाची किंमत त्याच्या वयावर ठरत नाही. त्याच्यासारखे किती शिल्लक आहेत, यावर ठरते. १९७६ साली ॲपल-१ हा संगणक ६६६.६६ डॉलरला मिळत होता आणि तयार झाले होते जेमतेम २००. त्यांपैकी चालू स्थितीतला एक २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला गेला. १९८१ चा आयबीएम पीसी त्याहून कितीतरी जास्त घरा-कचेऱ्यांत पोहोचला, म्हणूनच आज तो त्यामानाने स्वस्त आहे.

महाराष्ट्रातला सर्वांत मोलाचा जुना संगणक मात्र कोणाच्याही घरी येण्यासारखा नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेला टिफ्रॅक १९६० मध्ये सुरू झाला. एक अख्खी खोली व्यापणारे असे यंत्र संस्थेनेच जपायचे असते. संग्राहकाच्या आवाक्यात येतात ती १९८० च्या दशकातली यंत्रे: १९८४ च्या 'क्लास' योजनेतून भारतीय शाळांत आलेला बीबीसी मायक्रो, डेसिबेल्सचा डीबी स्पेक्ट्रम, एचसीएलचा बिझीबी.

मराठी संग्राहकाने सगळ्यांत आधी शोधावे ते जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले हे तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवले. पीसीच्या आतल्या स्लॉटमध्ये हे कार्ड बसवले की डॉसवरच्या प्रोग्रामांत देवनागरी उमटू लागे. अक्षरे साठवली जात ती 'इस्की' या संकेतप्रणालीत. आजच्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी तिच्यावरच बेतलेली आहे. बाजारात अशा कार्डाला फारसे कोणी विचारत नाही, तरीही मराठी संगणनाचा इतिहास सांगायला ॲपल-१ पेक्षा तेच अधिक उपयोगी आहे.

असे कार्ड असलेली जुनी यंत्रे मात्र मोडीत जातात. विदर्भातले भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. जुने भांडे मोडीत देऊन नवे घेण्याची रीत तिथे सर्वांच्या अंगवळणी पडलेली. पितळ वितळले तरी पितळच राहते. संगणक वितळला की त्यातून थोडे तांबे आणि कणभर सोने निघते, बाकी सगळे संपते. म्हणून तो मोडीत जाण्याआधीच गाठावा. कचेऱ्यांतली निर्लेखित यंत्रे, शाळांचे बंद संगणक कक्ष, २००१ पासून तालुक्यांपर्यंत पोहोचलेली एमएस-सीआयटी केंद्रे ही भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर, पवनी, साकोलीकडच्या संग्राहकाने विचारपूस करण्याची ठिकाणे.

मिळालेले यंत्र लगेच चालू करू नये. २८६-३८६ पिढीच्या पीसीच्या मदरबोर्डवर बहुधा पिंपाच्या आकाराची छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. वर्षानुवर्षे पडून ती पाझरते, हिरवट खार धरतो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेषा खाल्ल्या जातात. म्हणून ती आधी काढावी, खार पांढऱ्या व्हिनेगरने पुसावा आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड स्वच्छ करावा. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर तडकून धूर काढतात. तेही आधीच बदललेले बरे. जुन्या काचनळीच्या मॉनिटरमध्ये बंद केल्यावरही उच्च दाबाची वीज साठून राहते, त्यामुळे तो जाणकाराशिवाय उघडू नये. भंडाऱ्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पाठोपाठ दमट पावसाळा येतो. अशा हवेत फ्लॉपीवर बुरशी धरते; अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर ती आणि ड्राइव्हचे हेड दोन्ही खराब होतात.

एकट्या डब्यापेक्षा मूळ कीबोर्ड, माहितीपुस्तिका आणि फ्लॉप्यांसह मिळालेल्या यंत्राला अधिक मोल असते. शाळा-कचेऱ्यांनी निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी एवढे करावे: यंत्राच्या मागची पट्टी वाचावी, झाकण उघडून जिस्ट कार्ड आहे का ते पाहावे आणि मराठी मजकुराच्या फ्लॉप्या बाजूला काढून ठेवाव्यात.