जुनी डस्टर एडब्ल्यूडी घेताय? आधी पुराचं पाणी तपासा

हुपरी-कोल्हापूर भागात चारही चाकांवर ओढणारी जुनी छोटी एसयूव्ही शोधायला निघालात, तर रेनो डस्टर एडब्ल्यूडीचं नाव निघतंच. ती 2014 मध्ये आली आणि एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 लागू झाल्यावर डिझेल डस्टरच थांबली. म्हणजे विक्रीला येणाऱ्या बहुतेक गाड्यांनी 2019 चा महापूर पाहिलेला असू शकतो.

एरवी ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. ती घसरू लागली की मागचा विद्युतचुंबकीय क्लच जोडला जातो आणि मागच्या चाकांना ताकद मिळते. हा क्लच आणि मागचं डिफरन्शियल गाडीच्या पोटाखाली असतं, त्यामुळे पुराचं पाणी आधी तिथे पोचतं. लिफ्टवर गाडी चढवून मेकॅनिकला डिफरन्शियलचं तेल बघायला सांगा. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, स्टेपनीखाली हात घाला. धुतलेल्या गाडीतही गाळ तिथे राहतो.

मग मोकळ्या मातीत बटण ‘लॉक’वर ठेवून गाडी हलवा आणि मागची चाकं माती उडवतात का ते बाहेरून कुणाला तरी बघू द्या. चारही टायर सारखे झिजलेले हवेत, नाहीतर क्लचवर विनाकारण ताण येतो.

उसाच्या पाणंदीपुरतीच गाडी हवी असेल, तर साधी डस्टरही चालेल. तिचा ग्राउंड क्लिअरन्स 205 मिमी, एडब्ल्यूडीचा 210.