लंडनचे वार्तापत्र : यंत्राची साक्ष

इंग्लंडातील लहान गावांत पोस्टाची कचेरी म्हणजे बहुधा किराणा दुकानातील एक खिडकी असते, आणि त्या खिडकीमागे बसून तिकिटे विकणारा, निवृत्तिवेतन वाटणारा सब-पोस्टमास्तर हा सरकारचा नोकर नसून स्वतःचे भांडवल घालून पोस्टाशी करार केलेला दुकानदार असतो. भारतीय उपखंडातून आणि पूर्व आफ्रिकेतून येऊन येथे स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांनी आयुष्याची पुंजी अशा दुकानांत गुंतविली होती. या साध्या माणसांवर जे अरिष्ट कोसळले त्याची हकिकत येथे आता सर्वतोमुखी झाली आहे. परंतु तिच्या मुळाशी असलेला कायद्याचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही, आणि तो आपल्याही चिंतनाचा विषय असल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहितो.

१९९९ पासून पोस्टाने आपल्या सर्व शाखांचा जमाखर्च ‘होरायझन’ नावाच्या संगणकप्रणालीवर नेला. ती जपानच्या फुजित्सू कंपनीच्या मालकीच्या आयसीएल या संस्थेने तयार केली होती. त्यानंतर शाखाशाखांतून असा अनुभव येऊ लागला की, गल्ल्यातील रोकड पुनःपुन्हा मोजली तरी यंत्राने दाखविलेल्या शिलकेशी तिचा मेळ बसेना. पोस्ट कराराच्या कलमावर बोट ठेवून ती तूट सब-पोस्टमास्तरांकडून भरून मागे, आणि साहाय्यासाठी दूरध्वनी करणाऱ्या पुष्कळांना, अशी तक्रार तुमची एकट्याचीच आहे, असे सांगण्यात येई. कोणी घर गहाण टाकून भरणा केला. ज्यांना तो करता आला नाही त्यांच्यावर चोरीचे आणि खोटे हिशेब लिहिल्याचे आरोप आले. पोलिसांची वाट न पाहता स्वतःच फिर्यादी होण्याचा जुना प्रघात पोस्टाने येथे यथेच्छ वापरला. ९०० हून अधिक निरपराध माणसे दोषी ठरली. २०१० मध्ये सरे परगण्यातील एका भारतीय वंशाच्या गर्भवती स्त्रीला पंधरा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली, आणि तिचे निर्दोषत्व सिद्ध होण्यास २०२१ साल उजाडावे लागले.

न्यायालयांनी हे होऊ कसे दिले? १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याच्या ६९ व्या कलमान्वये, संगणक योग्य रीतीने चालत होता हे दाखविल्यावाचून त्यातील नोंद पुराव्यात येऊ शकत नसे. ही अट पाळणे दुष्कर आहे आणि तिचा उपयोगही नाही, असा अभिप्राय विधि आयोगाने १९९७ मध्ये दिला. १९९९ च्या कायद्याने ते कलम रद्दबातल झाले. आणि त्याच्या जागी, यंत्र बिनचूक चालते असेच गृहीत धरावे, विपरीत काही असल्यास ते आरोपीने दाखवावे, हे जुने तत्त्व पुन्हा प्रतिष्ठित झाले. आता विचार करा की, ज्या यंत्रातील ज्ञात दोषांची नोंद कंपनीच्याच दप्तरात होती आणि ज्यातील शाखेचे हिशेब कंपनीचे कर्मचारी दूर बसून बदलू शकत होते, त्या यंत्राचा दोष खेड्यातल्या दुकानदाराने कोणत्या साधनाने सिद्ध करावा? माझ्या मते सर्व अन्यायाचे बीज येथेच आहे : पुराव्याचा भार ज्याच्या हाती कागद नाहीत त्याच्यावर टाकला की, कंपनीला जाब विचारण्याचा मार्गच बंद होतो.

तो मार्ग अखेर वेल्समधील लँडडनो येथील अॅलन बेट्स या बडतर्फ सब-पोस्टमास्तराने उघडला. त्यांच्यासह ५५५ जणांच्या पोस्टाविरुद्धच्या दाव्यात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी डिसेंबर २०१९ मध्ये निकाल दिला आणि होरायझनविषयीची पोस्टाची भूमिका पृथ्वी सपाट असल्याचे प्रतिपादन करण्यासारखी ठरविली. मात्र तडजोडीत मिळालेल्या ५ कोटी ७७ लाख पौंडांतील फार मोठा हिस्सा दाव्याच्या खर्चातच गेला. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एकाच दिवशी ३९ शिक्षा रद्द केल्या. दूरचित्रवाणीवरील नाट्यमालिकेने लोकक्षोभ उसळल्यानंतर २०२४ मध्ये संसदेने कायदा करून उरलेल्या बहुसंख्य शिक्षा एका फटक्यात पुसल्या. चौकशी करणाऱ्या सर विन विल्यम्स यांच्या जुलै २०२५ च्या अहवालात, निदान १३ जणांनी या आपत्तीपायी आत्महत्या केली असण्याचा संभव नमूद आहे. नुकसानभरपाईचे एक अब्जाहून अधिक पौंड सरकारी तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करातून गेले. फुजित्सूच्या अधिकाऱ्याने जानेवारी २०२४ मध्ये संसदीय समितीपुढे भरपाईत वाटा उचलण्याची नैतिक जबाबदारी कबूल केली, पण आकडा उच्चारला नाही. नैतिक जबाबदारी ही वसूल करता येत नाही. वसुली होते ती कायद्याच्या जबाबदारीची. संगणकीय पुराव्याविषयीच्या गृहीतकाचे काय करावे, याबद्दल न्यायखात्याने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर मते मागविली, हे उशिरा सुचलेले का होईना, योग्य पाऊल होय.

संगणक नीट चालत होता हे आधी दाखविण्याची, इंग्लंडने टाकून दिलेली ही अट आपल्याकडे भारतात मात्र अद्याप जिवंत आहे. इंग्लंडच्याच १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्याच्या धर्तीवर घेतलेली, संगणकीय नोंदीसोबत तसे प्रमाणपत्र जोडण्याची तरतूद जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अनिवार्य ठरविली, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने तिला तज्ज्ञाच्या स्वाक्षरीची जोड दिली. या प्रमाणपत्रापायी खटले रेंगाळतात अशी कुरकुर वकीलवर्गात ऐकू येते. तेवढ्यावरून ही अट काढून टाकण्याची सूचना उद्या संसदेत कोणी मांडली, तर वाचकांनी आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहून तिला निःसंदिग्ध विरोध करावा.