डाग मोजून चाल कळत नाही

मेंदूच्या एमआरआयवर पांढरे डाग किती दिसतात, यावरून मल्टिपल स्क्लेरोसिसचा (एमएस) रुग्ण किती चालू शकतो हे ओळखता येत नाही. पुष्कळ डाग असलेली व्यक्ती रोज नोकरीला जाते आणि मोजकेच डाग असलेल्या व्यक्तीला कठड्याचा आधार घेतल्याशिवाय जिना उतरता येत नाही, असे या आजारात नेहमी घडते.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणावरच हल्ला चढवते. संदेश मंदावतात, अडखळतात. तंतूच तुटला तर कायमचे थांबतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा त्याचे चट्टे पाहायला शवविच्छेदनच करावे लागे. १९८१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील इयन यंग आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनला न दिसणारे कितीतरी चट्टे एमआरआयने जिवंत माणसाच्या मेंदूत दाखवले. निदानाचा मार्ग सोपा झाला. आता डाग मोजले की अपंगत्वही मोजता येईल, अशी आशा वाटू लागली.

तसे झाले नाही. चित्र आणि लक्षणे यांचा मेळ का बसत नाही, याची चर्चा ॲमस्टरडॅमचे फ्रेडरिक बार्कहॉफ यांनी २००२ मध्ये मांडली आणि ती आजही संपलेली नाही. नेहमीच्या एमआरआयला मुख्यतः ऊतींमधल्या पाण्यातला बदल दिसतो. तात्पुरती सूज असो, आवरण गेलेले असो की तंतू तुटलेला असो, पडद्यावर डाग पांढराच उमटतो. मेंदूच्या बाहेरच्या करड्या थरातले बरेच चट्टे तर या तपासणीत दिसतही नाहीत. शिवाय मेंदू स्वस्थ बसत नाही. फंक्शनल एमआरआयमध्ये असे आढळले की साधी बोटे हलवतानाही एमएसच्या रुग्णांचा मेंदू निरोगी माणसापेक्षा अधिक भाग कामाला लावतो. नुकसान झालेले असते, पण काही काळ ते झाकले जाते.

मज्जारज्जूकडे ही सोय फारशी नाही. शहरात एक रस्ता खणला तरी गल्लीबोळांतून वाट निघते. घाटात दरड कोसळली की पलीकडचे गावच तुटते. जेमतेम करंगळीएवढ्या जाडीच्या या दोरातून हातापायांची हालचाल, स्पर्श, तोल, लघवीवरचा ताबा या सगळ्यांचे संदेश ये-जा करतात. तिथला छोटा चट्टाही पाय जड करू शकतो.

पण मज्जारज्जूचे चित्र घेणे कठीण. तो बारीक, भोवती हाडे, आणि श्वासाबरोबर, हृदयाच्या ठोक्याबरोबर हलणारा. म्हणून संशोधकांनी डागांऐवजी त्याची जाडी मोजायला सुरुवात केली. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या गटाने १९९६ मध्ये मानेतल्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ मोजले. तिथे भोवती द्रव भरपूर असल्याने कडा स्वच्छ दिसते. क्षेत्रफळ जितके कमी, तितके अपंगत्व जास्त, असे नाते त्यांना आढळले. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी आणखी आत जाऊन मज्जारज्जूच्या मधल्या, फुलपाखराच्या आकाराच्या करड्या भागाची झीज मोजली. अपंगत्वाशी तिचा संबंध अधिकच घट्ट निघाला. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत मोलाची दिशा आहे, कारण ती किती हल्ले झाले यापेक्षा काय गमावले हे विचारते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. एमएसमधले अपंगत्व बहुधा जॉन कर्ट्झकी यांच्या ० ते १० या मापनश्रेणीवर मोजतात. तिच्यात ६ म्हणजे शंभर मीटर चालायला काठी लागणे. मधल्या पायऱ्या जवळजवळ चालण्यावरच ठरतात, आणि पायांचे संदेश सबंध मज्जारज्जू पार करून जातात. तेव्हा ही मोजणी मज्जारज्जूशी अधिक जुळणार, हे ओघानेच आले. स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग मंदावणे हे या श्रेणीत फारसे उतरत नाही. त्यांचा माग मेंदूच्या करड्या भागाच्या, विशेषतः थॅलॅमसच्या, झिजेत लागतो. म्हणून दोन्ही चित्रे हवीत. मज्जारज्जूची जाडी मोजणे अजून बहुतांशी संशोधनापुरतेच आहे, कारण दर वर्षी पडणारा फरक इतका सूक्ष्म असतो की यंत्र किंवा पद्धत बदलली तरी तो हरवतो.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी आलेल्या रुग्णाचे चालणे, थकवा, हातांचा बधिरपणा तपासणाऱ्या डॉक्टरांना आणि घरी त्याची काळजी वाहणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: ‘मेंदूच्या एमआरआयमध्ये विशेष काही नाही’ या एका ओळीवरून त्याचा त्रास खोटा ठरवू नका.